कॉलेज फुटबॉल प्लेऑफ : 12 संघ, 11 सामने आणि आपले अंदाज

आकडेमोड, हार्टफर्ड (18 डिसेंबर 2024)

परवा शुक्रवारी रात्री आठ वाजता साउथ बेंडच्या मैदानावर इंडियाना आणि नोटर डेम समोरासमोर येतील आणि अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या 12 संघांच्या पहिल्यावहिल्या प्लेऑफला (अजिंक्यपदाच्या बाद फेरीला) सुरुवात होईल. 2014 च्या हंगामापासून गेली 10 वर्षे चारच संघ निवडले जात होते, त्यामुळे अंदाज बांधण्याचे काम तीन सामन्यांत आटोपत असे. यंदा 11 सामने आहेत. पहिल्या फेरीचे चारही सामने वरच्या मानांकनाच्या संघाच्या घरच्या मैदानावर होतील, आणि ओरेगन, जॉर्जिया, बॉइझी स्टेट व ॲरिझोना स्टेट या पहिल्या चार मानांकितांना थेट उपांत्यपूर्व फेरीत पुढे चाल मिळालेली आहे.

मला विचारायचे आहे ते असे, की आपण अंदाज नक्की कशावरून बांधता? मानांकनावरून, सट्टेबाजांच्या स्प्रेडवरून (त्यांनी धरलेल्या गुणांच्या अपेक्षित फरकावरून), शेवटच्या सामन्यावरून की निव्वळ पोटातल्या भावनेवरून? उत्तर देताना विजेता, गुणांचा फरक आणि एक कारण लिहावे. ‘माझी मुलगी तिथे शिकते’ हे कारण धरले जाणार नाही.

माझे अंदाज : नोटर डेम इंडियानावर 6 गुणांनी, पेन स्टेट डॅलसच्या एसएमयूवर 9, टेक्सस क्लेमसनवर 13, ओहायो स्टेट टेनेसीवर 4. अजिंक्यपद ओरेगनचे, कारण 13-0 (13 विजय, शून्य पराभव) असा निष्कलंक हंगाम असलेला तो एकमेव संघ आहे आणि ऑक्टोबरमध्ये त्याने ओहायो स्टेटला 32-31 असे हरवलेही आहे.

शीतल_कोलंबस (18 डिसेंबर 2024)

आमच्या ओहायो स्टेटवर टेनेसी 3 गुणांनी. हे लिहिताना हात थरथरत आहेत, पण 30 नोव्हेंबरला मी मैदानात होते आणि मिशिगनकडून घरच्या मैदानावर 13-10 अशी झालेली हार मी या डोळ्यांनी पाहिली आहे. मिशिगनच्या बचावाची सर्वात भक्कम जागा म्हणजे मधली फळी, आणि आमचे प्रशिक्षक रायन डे दुपारभर चेंडू त्याच भिंतीवर नेऊन आपटत राहिले. डावा टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरमध्ये जायबंदी झाला, सेंटर सेथ मॅकलॉफ्लिन नोव्हेंबरमध्ये. ज्या संघाची आघाडीची फळी अशी डागडुजी केलेली आहे, तो टेनेसीचा बचाव फोडणार तरी कसा?

पेनचा_पेन्शनर, पिट्सबर्ग (18 डिसेंबर 2024)

शीतलताई, एका सामन्यावरून इतके खचू नका. आकडेमोड यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की मी अंदाज वेळापत्रकाच्या तक्त्यावरून बांधतो. निवड समितीची क्रमवारी आणि मानांकन या यंदा दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे फार थोड्या लोकांनी नीट पाहिलेले दिसते. पहिली चार मानांकने नियमाने फक्त कॉन्फरन्स (विद्यापीठांच्या साखळी गटांच्या) विजेत्यांना मिळतात. त्यामुळे समितीने 9 व्या क्रमांकावर ठेवलेले बॉइझी स्टेट तिसरे मानांकित झाले आणि 12 व्या क्रमांकावरचे ॲरिझोना स्टेट चौथे. त्यात प्रत्येक फेरीनंतर जोड्या नव्याने लावल्या जाणार नाहीत. परिणामी पहिल्या क्रमांकाच्या ओरेगनला बक्षीस म्हणून दुसऱ्याच सामन्यात समितीच्या दृष्टीने 6 व्या किंवा 7 व्या क्रमांकाचा संघ भेटणार, आणि माझ्या पेन स्टेटला एसएमयूनंतर बॉइझी स्टेट. पंक्तीत पहिला बसणाऱ्यालाच करपलेली पोळी वाढावी, तसा हा प्रकार झाला आहे.

म्हणून पेन स्टेट उपांत्य फेरीत जाईल, असे मी आजच लिहून ठेवतो. त्यापुढचे विचारू नका. मोठ्या संघांपुढे आमचे प्रशिक्षक जेम्स फ्रँकलिन यांचे काय होते, हे मी पुष्कळ वर्षे सोसले आहे. शनिवारच्या सामन्याबद्दल एवढेच सांगतो की, डॅलसचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) स्टेट कॉलेज या पेन स्टेटच्या गावच्या डिसेंबरात, एक लाखाहून अधिक माणसांच्या आरडाओरड्यात उभा राहणार आहे. 80 च्या दशकात मी तिथे विद्यार्थी होतो. त्या थंडीत मला हातमोजे घालून पेनही धरता येत नसे. पेन स्टेट 14 गुणांनी.

ब्लूमिंग्टनवासी (19 डिसेंबर 2024)

इंडियाना 3 गुणांनी. गेल्या वर्षी 3-9 असा हंगाम केलेला संघ कर्ट सिग्नेटी यांनी पहिल्याच वर्षात 11-1 वर आणला आहे. अशा माणसाविरुद्ध मी पैज लावणार नाही.

आगाऊ (19 डिसेंबर 2024)

तुमच्या 11 विजयांत भारी म्हणावा असा प्रतिस्पर्धी कोणता होता? ओहायो स्टेट हा एकच खरा भारी संघ भेटला आणि तिथे 38-15 असा निकाल लागला. गल्लीतल्या स्पर्धेत शतके काढून कोणी रणजीत जात नाही.

ब्लूमिंग्टनवासी (19 डिसेंबर 2024)

हे वाक्य मी जपून ठेवत आहे.

पहाटपक्षी, पुणे (19 डिसेंबर 2024)

आमच्याकडे नोटर डेमचा सामना शनिवारी सकाळी साडेसहाला आणि ओहायो स्टेटचा रविवारी सकाळी साडेसहाला सुरू होतो, म्हणजे दूध आणि फुटबॉल एकाच वेळी. कोलंबसला दोन वर्षे नोकरीसाठी होतो, तेव्हापासून हे व्यसन लागले. अजिंक्यपद ओहायो स्टेटचे. कारण असे की, आपल्याच प्रेक्षकांकडून सर्वात जास्त शिव्या खाणारा संघ सहसा सर्वात जास्त गुणवान असतो. दुबळ्या संघावर कोणी एवढे रागावत नाही.

आकडेमोड (19 डिसेंबर 2024)

पहाटपक्षी, हे कारण पोटातल्या भावनेच्या रकान्यात नोंदवले आहे.

ऊर्मिला_ऑस्टिन (22 डिसेंबर 2024)

पहिली फेरी संपली. नोटर डेम 27-17, पेन स्टेट 38-10, टेक्सस 38-24 आणि ओहायो स्टेट 42-17. चारही यजमान जिंकले. क्लेमसनने चौथ्या क्वार्टरमध्ये आम्हाला घाम फोडला होता, पण जेडन ब्लूच्या 77 यार्डांच्या धावेने जीव भांड्यात पडला. आमचा बचाव मात्र गळका दिसला.

शीतल_कोलंबस (22 डिसेंबर 2024)

मी माझे शब्द आनंदाने गिळते. पहिल्याच क्वार्टरमध्ये 21-0! मैदानात टेनेसीचे भगव्या कपड्यांतले लोक इतके आले होते की, सुरुवातीला मला आमचे घरचे मैदान कोणते हेच कळेना. मिशिगनविरुद्ध जे केले नाही, ते यावेळी पहिल्या मिनिटापासून केले : चेंडू मध्ये कोंबण्याऐवजी जेरेमाया स्मिथकडे फेकला. मला आता वाटते की, एखादा संघ हरला तर ‘हरला’ एवढेच न पाहता ‘कशामुळे हरला आणि ते कारण सुधारण्याजोगे आहे का’ हे पाहायला हवे होते. सेंटरची जखम दोन आठवड्यांत बरी होत नाही. हट्ट मात्र सोडता येतो.

पेनचा_पेन्शनर (22 डिसेंबर 2024)

एसएमयूचा क्वार्टरबॅक केविन जेनिंग्ज याचे तीन पास आमच्या हाती आले आणि त्यांतील दोन थेट टचडाउनपर्यंत (गोलरेषेपलीकडे) गेले. मी 14 म्हटले होते, निघाले 28. थंडीला मी कमी लेखले.

आकडेमोड (23 डिसेंबर 2024)

ज्यांचे चारही विजेते बरोबर आले, त्यांनी (मी धरून) हुरळून जाऊ नये. सट्टेबाजांच्या मते चारही यजमानच वरचढ होते. प्रत्येकाची जिंकण्याची शक्यता साधारण 75 टक्के धरली, तर चौघेही जिंकण्याची शक्यता 32 टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे हे घडणे नवल नाही आणि हे सांगणे विद्वत्ताही नाही. खरी कसोटी फरकांची होती, आणि तिथे ओहायो स्टेटबाबत मी 21 गुणांनी चुकलो आहे.

ऊर्मिला_ऑस्टिन (29 डिसेंबर 2024)

उपांत्यपूर्व फेरीबद्दल लिहिते. टेक्सस ॲरिझोना स्टेटवर 13 गुणांनी, पण कॅम स्कॅटेबो या एका माणसाची मला धास्ती वाटते. पेन स्टेट बॉइझी स्टेटवर 10 गुणांनी. ॲश्टन जेन्टीला बॅरी सँडर्सचा एका हंगामात चेंडू घेऊन धावण्याचा 1988 चा 2,628 यार्डांचा विक्रम मोडण्यासाठी 132 यार्ड हवे आहेत आणि पेन स्टेटला ते ठाऊक आहे. जॉर्जिया व नोटर डेम यांच्याबाबत मला काहीच सांगता येत नाही. जॉर्जियाचा क्वार्टरबॅक कार्सन बेक कोपराच्या दुखापतीमुळे बाहेर आहे, आणि गनर स्टॉक्टन पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळणार तो थेट शुगर बोलमध्ये, म्हणजे या उपांत्यपूर्व सामन्यात.

आगाऊ (29 डिसेंबर 2024)

जॉर्जिया 7 गुणांनी. तिथे राखीव बाकावर बसलेले खेळाडूही इतर कोणत्याही संघात थेट खेळतील. शिवाय नोटर डेम सप्टेंबरमध्ये घरच्या मैदानावर नॉर्दर्न इलिनॉयकडून 16-14 असे हरले होते. तो डाग धुतला जात नाही.

शीतल_कोलंबस (30 डिसेंबर 2024)

आगाऊ, मी 18 तारखेला केलेली चूक तुम्ही आता करत आहात. ओहायो स्टेट 6 गुणांनी. एकदा 32-31 हरलेल्या संघाला त्याच प्रतिस्पर्ध्याच्या साडेतीन तासांच्या चित्रफितीचा अभ्यास करता येतो. ओरेगनलाही तो करता येतो हे खरे, पण जिंकलेला माणूस स्वतःच्या चुका तितक्या बारकाईने पाहत नाही.

पहाटपक्षी (2 जानेवारी 2025)

रोझ बोलसाठी (ओहायो स्टेट विरुद्ध ओरेगन) पहाटे साडेतीनला उठलो. चहा होईपर्यंत 14-0 झाले होते आणि पुढे 34-0. शेवट 41-21, ओहायो स्टेट. घरच्यांनी विचारले की, एवढा एकतर्फी सामना पाहायला एवढ्या लवकर उठायचे कशाला? उत्तर सुचले नाही.

ऊर्मिला_ऑस्टिन (2 जानेवारी 2025)

मी सांगते एकतर्फी नसलेल्या सामन्याचे. चौथ्या क्वार्टरमध्ये आमची 24-8 अशी आघाडी, आणि तिथून स्कॅटेबोने धावून, झेलून व एकदा तर स्वतः 42 यार्डांचा टचडाउन पास फेकून सामना 24-24 वर आणला. आमच्या किकरचे शेवटच्या दोन मिनिटांत दोन फील्ड गोल (खांबांमधून मारायच्या किक) हुकले, त्यांतला एक खांबाला लागून परतला. पहिल्या जादा डावात चौथा डाउन (पुढे सरकण्याच्या चार संधींतली शेवटची) आणि 13 यार्ड हवे असताना क्विन युअर्सने मॅथ्यू गोल्डनला 28 यार्डांचा टचडाउन पास दिला, तेव्हा मी डोळे मिटून बसले होते. 39-31, दोन जादा डावांनंतर. मी ‘टेक्सस’ म्हटले होते म्हणून माझा अंदाज बरोबर धरला जाईल, पण त्या चौथ्या डाउनला माझ्या अंदाजाची किंमत शून्य होती हे मला माहीत आहे.

आगाऊ (3 जानेवारी 2025)

न्यू ऑर्लीन्समधल्या बोर्बन स्ट्रीटवरच्या भीषण हल्ल्यामुळे शुगर बोल एक दिवस पुढे गेला, आणि त्या वातावरणात खेळाविषयी लिहिणे थोडे विचित्र वाटते. तरी कबुली देतो : नोटर डेम 23-10. मध्यंतराच्या दोन्ही बाजूंच्या मिळून 54 सेकंदांत त्यांनी 17 गुण केले. फील्ड गोल, मग स्टॉक्टनच्या हातून चेंडू हिसकावून टचडाउन, मग दुसऱ्या अर्ध्याच्या पहिल्याच किकवर जेडन हॅरिसनची 98 यार्डांची धाव.

पण मुद्दा दुसराच आहे. ज्या चार संघांना पुढे चाल मिळाली होती, ते चारही हरले. बॉइझी स्टेटही 31-14 असे गेले आणि जेन्टी 104 यार्डांवर थांबला. 25-26 दिवस बसून राहिलेला संघ गंजतो, हे यातून सिद्ध होत नाही का?

आकडेमोड (3 जानेवारी 2025)

होत नाही. पेन्शनर काकांचे 18 डिसेंबरचे उत्तर पुन्हा वाचा. बॉइझी स्टेट आणि ॲरिझोना स्टेट यांचे मानांकन वरचे असले, तरी स्प्रेड त्यांच्या विरुद्ध 10 हून अधिक गुणांची होती. ओहायो स्टेट खालच्या मानांकनाचे असूनही ओरेगनपेक्षा थोडे वरचढ मानले जात होते, आणि जॉर्जियाचा सामना जवळजवळ बरोबरीचा होता. हरण्याच्या शक्यता अनुक्रमे 80, 80, 55 आणि 50 टक्के धरा. गुणाकार साडेसतरा टक्क्यांवर येतो, म्हणजे साधारण सहांत एकदा. फासा टाकून एकदा 6 पडला म्हणून आपण फाशाला दोष देत नाही. मानांकनाचा आकडा नियम सांगतो, ताकद सांगत नाही. नियम बदलून समितीच्या क्रमवारीप्रमाणे पुढे चाल द्या. मग पाहा, ते संघ जिंकू लागतील.

पेनचा_पेन्शनर (3 जानेवारी 2025)

माझा दाखला दिल्याबद्दल आभारी आहे, पण आगाऊ यांचे म्हणणे मी पूर्ण झटकणार नाही. सरावात अंगावर येणारा माणूस आपलाच सहकारी असतो आणि तो जपून आदळतो. ओरेगनचा बचाव पहिल्या अर्ध्यात ज्या रीतीने चेंडूपासून एक पाऊल मागे राहत होता, ते मला केवळ ताकदीचे अंतर वाटले नाही.

शीतल_कोलंबस (8 जानेवारी 2025)

उपांत्य फेरी : ओहायो स्टेट टेक्ससवर 7 गुणांनी, नोटर डेम पेन स्टेटवर 3 गुणांनी. क्षमस्व, काका.

पेनचा_पेन्शनर (10 जानेवारी 2025)

27-24, नोटर डेम. आघाडी 10-0 अशी आमची होती. बरोबरी असताना, शेवटच्या मिनिटाच्या आत ड्रू ॲलरने मैदानाच्या मध्यभागी पास फेकला, तो ख्रिश्चन ग्रेने झेलला आणि सात सेकंद उरले असताना मिच जेटरने 41 यार्डांवरून फील्ड गोल मारला. ताई, तुमचे 3 गुण अचूक निघाले याचा मला मुळीच आनंद झालेला नाही. मी डिसेंबरात लिहिले होते की, ‘त्यापुढचे विचारू नका’. माझाही अंदाज अचूकच म्हणायचा.

ऊर्मिला_ऑस्टिन (11 जानेवारी 2025)

आम्ही 7 गुणांनी मागे होतो, चेंडू त्यांच्या 1 यार्डाच्या रेषेवर होता, आणि आमच्या प्रशिक्षकांनी सरळ आत घुसण्याऐवजी चेंडू बाहेरच्या बाजूला टाकला. 7 यार्ड मागे. दोन डाउननंतर ओहायो स्टेटच्या जॅक सॉयरने युअर्सच्या हातातून चेंडू उडवला आणि 83 यार्ड धावत गेला. 28-14. युअर्स 2021 मध्ये कोलंबसला होता, तेव्हा हे दोघे एकाच खोलीत राहत असत. अंदाज बांधणाऱ्या कोणत्या यंत्रात ही माहिती भरायची, ते आकडेमोड यांनी सांगावे.

आकडेमोड (18 जानेवारी 2025)

ऊर्मिलाताई, तो रकाना माझ्याकडे नाही.

सोमवारी अटलांटाला अंतिम सामना आहे. स्प्रेड ओहायो स्टेटच्या बाजूने साडेआठ गुणांची आहे. मी ओहायो स्टेट 10 गुणांनी म्हणतो. नोटर डेमचे प्रशिक्षक मार्कस फ्रीमन हे स्वतः ओहायो स्टेटचे माजी लाइनबॅकर (बचावपटू) आहेत आणि चेंडू स्वतःकडे जास्तीत जास्त वेळ ठेवून सामना आखूड करण्याचा त्यांचा बेत असणार. पहिल्या दोन ताब्यांत तो साधला तर गोष्ट वेगळी.

पहाटपक्षी (21 जानेवारी 2025)

34-23, ओहायो स्टेट. सकाळी सहाला सुरू झाला. नोटर डेमने पहिल्याच ताब्यात 18 चाली खेळून पावणेदहा मिनिटे चेंडू ठेवला आणि टचडाउन केले, तेव्हा मी आकडेमोड यांचे शेवटचे वाक्य मनात म्हणत होतो. त्यानंतर सलग 31 गुण ओहायो स्टेटचे, विल हॉवर्डचे पहिले 13 पास अचूक. नोटर डेमने 31-23 पर्यंत गाठत आणले, तेव्हा तिसऱ्या डाउनला 11 यार्ड हवे असताना हॉवर्डने स्मिथकडे 56 यार्डांचा पास टाकला आणि सगळे मिटले. 2014 च्या हंगामानंतरचे हे पहिले अजिंक्यपद. पोटातल्या भावनेच्या रकान्याकडे कृपया पुन्हा पाहावे.

शीतल_कोलंबस (21 जानेवारी 2025)

34 पैकी एकही गुण मी शांतपणे पाहू शकले नाही. मिशिगनची हार मात्र अजून बोचते, हे इथे नोंदवून ठेवते.

आकडेमोड (24 मे 2025)

पुढच्या हंगामापासून पहिली चार मानांकने आणि पुढे चाल समितीच्या क्रमवारीप्रमाणेच मिळणार, असा निर्णय झाला आहे. 3 जानेवारीचे माझे उत्तर आता तपासता येईल.

ब्लूमिंग्टनवासी (20 जानेवारी 2026)

तपासू या. नव्या नियमाने पुढे चाल मिळालेले चार संघ : इंडियाना, ओहायो स्टेट, जॉर्जिया, टेक्सस टेक. ओहायो स्टेट मायामीकडून 24-14, जॉर्जिया ओल मिसकडून 39-34 आणि टेक्सस टेक ओरेगनकडून 23-0 असे हरले. दोन वर्षांत आठपैकी सात संघ बसून राहिले आणि पडले.

आठवा संघ आमचा. अलाबामावर 38-3, ओरेगनवर 56-22 आणि काल रात्री मायामीवर त्यांच्याच गावात 27-21. 16 सामने, 16 विजय. चौथ्या क्वार्टरमध्ये चौथ्या डाउनला फर्नांडो मेंडोझा स्वतः चेंडू घेऊन गर्दीतून टचडाउनपर्यंत गेला, आणि शेवटचा पास आमच्या जमारी शार्पने झेलला. तो फेकणारा होता कार्सन बेक, म्हणजे ज्याच्या कोपरामुळे ऊर्मिलाताईंना 2024 मध्ये जॉर्जियाचा अंदाज बांधता आला नव्हता तोच.

आगाऊ, गल्लीतल्या स्पर्धेचे आणि रणजीचे वाक्य मी जपून ठेवले आहे. परत हवे आहे का?

आगाऊ (20 जानेवारी 2026)

ठेवा तुमच्याकडेच. चौकटीत लावा.

आकडेमोड (20 जानेवारी 2026)

अभिनंदन. आता माझ्या हिशेबाबद्दल. टेक्सस टेकचा पराभव अनपेक्षित नव्हता, पण ओहायो स्टेट आणि जॉर्जिया दोघेही वरचढ मानले जात होते. जॉर्जियाने तर ऑक्टोबरमध्ये ओल मिसला 43-35 असे हरवलेही होते, आणि त्यानंतर ओल मिसचे प्रशिक्षक लेन किफिन एलएसयू या दुसऱ्या संघाकडे निघून गेले होते. यंदाचा गुणाकार मी केला नाही असे नाही. केला आणि तो मला आवडला नाही. आठ सामने ही फार लहान संख्या आहे, हे माझे म्हणणे कायम आहे. तरीही गंजाचा परिणाम मी आजवर शून्य धरत होतो, तो यापुढे दीड गुण धरीन.

पेनचा_पेन्शनर (20 जानेवारी 2026)

दीडच? मी तीन धरतो. आणि सिग्नेटी समोर असतील तर शून्य.